बेनोच्या बाजूचे दगड

माझ्या भावाला वाकडं कुंपण घालताच येत नाही. हिल्मर राउश म्हटलं की आमच्या टेकड्यांवरचा कुणीही सांगेल, तोच ना, ज्याच्या कुंपणाकडे एका टोकाला उभं राहून पाहिलं तर एकच खांब दिसतो? लहानपणापासून तो असाच. आईने सरपण रचायला सांगितलं, तर हा ओंडके असे लावायचा की त्यातून एखादा ओढून काढायला जिवावर यायचं. बोलणं मात्र मोजकं. चार शब्दांत भागत असेल तर पाचवा बोलणार नाही, आणि कधीकधी त्या पाचव्याच शब्दाची गरज असते, हे त्याला कोण सांगणार?

मी त्याची थोरली बहीण, लोरीन. गावात माझा हरणं कापायचा धंदा आहे. शिकारी हरीण आणून टाकतात, मी सोलते, साफ करते, कुणाला तुकडे बांधून देते, कुणाला आतड्यात खिमा भरून सॉसेज करून देते. नोव्हेंबरात हंगाम उघडला की नाताळपर्यंत मला डोकं खाजवायला फुरसत नसते. पण टेक्ससच्या या आमच्या कोपऱ्यात कुणाच्या रानात काय चाललंय, ते पाद्रीबाबांच्या आधी माझ्या कानावर येतं.

हिल्मरच्या रानाला लागून बेनो क्लाइनरचं रान. आमचे वडील लवकर गेले, तेव्हा हिल्मरला बंदूक धरायला शिकवली ती बेनोने. वयाने वडिलांच्या बरोबरीचा, पण दोघं एकमेकांना अरेतुरेच करायचे. बेनोने लग्न केलं नाही. हिल्मरची बायको गेली आणि मूलबाळ झालंच नव्हतं. म्हणजे सांजेला कॉफीला एकमेकांकडे जाणारी ही दोनच माणसं. बेनो दर हिवाळ्याच्या तोंडाशी एका तुकड्यात ओटचं धान्य पेरायचा, स्वतःसाठी नाही, हरणांसाठी. आणि अख्ख्या हंगामात एकच हरीण मारायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "दुसरं कशाला? मला काय दोन तोंडं आहेत?"

त्या एका हरणाचं, चरबीसाठी थोडं डुकराचं मांस घालून, सॉसेज व्हायचं. ते कड्यासारखं गोल बांधून धुरावर टांगतात. पहिलं कडं शेजाऱ्याला द्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. शेजाऱ्याने ते देणाऱ्यासमोरच कापायचं, एक चकती उभ्यानेच तोंडात टाकायची आणि म्हणायचं, "गेल्या वर्षीपेक्षा बरं झालंय." चामड्यासारखं झालं असलं तरी म्हणायचं. मग देणारा म्हणतो, "दरवर्षी हेच म्हणतोस." एवढं झालं की मगच टोप्या काढून बसायचं. बेनोचं पहिलं कडं हिल्मरला जायचं, आणि हिल्मरचं बेनोला.

मग बेनोच्या पलीकडचं मोठं रान ह्यूस्टनच्या कॉर्बिन हेल नावाच्या माणसाने घेतलं. आमची कुंपणं छातीएवढी असतात, गुरं-शेरडं अडवण्यापुरती. हरीण ती सहज ओलांडतं. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. त्यामुळे हरीण कुणाचंच नसतं, ज्याच्यासमोर उभं राहिलं त्याचं नशीब. हेलला हे चालणार नव्हतं. त्याला सगळ्या रानाला दीड पुरुष उंच जाळी हवी होती. आत मोठ्या शिंगांचे नर आणून सोडायचे, मका घालून पोसायचे, आणि शहरातले पाहुणे पैसे भरून येणार, मारणार, शिंगं भिंतीवर लावणार. असली उंच कुंपणं आजूबाजूला बरीच झाली आहेत. मी तोंड वाकडं करते, पण तिथली हरणंही माझ्याच टेबलावर येतात, तेव्हा फार बोलत नाही.

काम हिल्मरला मिळालं. खरं सांगते, आयुष्यात त्याला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. एवढं लांब, एवढं उंच कुंपण, आणि मालक म्हणतोय, घाई नको, पण देखणं झालं पाहिजे. आमच्याकडे वीतभर मातीखाली चुनखडीचा दगड. प्रत्येक खांबासाठी भोक पाडायचं म्हणजे दगड फोडायचा, आणि फोडलेले दगड टाकायचे कुठे? हेल म्हणाला, "माझ्या बाजूला एक खडा दिसता कामा नये. पाहुणे फोटो काढतात."

हिल्मर बेनोकडे गेला. बेनो म्हणाला, "टाक की माझ्याकडे. मला काय दगडांची टंचाई आहे?"

बेनोच्या रानाच्या पाठीमागच्या कोपऱ्यात, ओढ्याच्या वर, जिथे बेनो गुडघ्यांमुळे कधी जात नाही, तिथे हिल्मरने ते टाकले. दुसरा कुणी असता तर ट्रकने ओतून मोकळा झाला असता. असल्या ढिगावर हरीण पाय ठेवत नाही, पाय मोडायची भीती. पण आमचे साहेब! ह्यांनी दगड रचले. मोठे खाली, सपाट वर, कुंपणाला टेकवून, मागे उतरते. जिना झाला हो त्याचा. बेनोच्या बाजूने चढायचा, कुंपणाच्या वरच्या तारेच्या जेमतेम खाली संपणारा. पलीकडे मात्र सरळ जाळी आणि सपाट जमीन.

हे त्याच्या लक्षात आलं पहिल्या हिवाळ्यात. जाळी ताणायला गेला होता. दगडांवर चिखलाचे खूर, सगळे वर जाणारे. पलीकडून मक्याचा वास येणार, ओढ्याचं पाणी आटलेलं, हरणं काय मूर्ख आहेत? चढायची आणि उडी मारायची. आत गेलेलं बाहेर येणार नव्हतं. हिल्मरने ते हेलला सांगितलं. एवढं तरी केलं. हेल हसला आणि म्हणाला, "राहू दे रे. पाहुणे आपल्या पायांनी येतायत, तर दार कशाला लावायचं?" त्याच आठवड्यात वर्षभर कुंपणाची देखभाल करायचं काम त्याने हिल्मरला दिलं. हिल्मरने ते घेतलं आणि दगडांना हात लावला नाही. बेनोलाही काही बोलला नाही.

बेनोच्या ओटातली हरणं कमी होत गेली. एका हंगामात त्याला कसंबसं एक हडकुळं मिळालं. पुढच्या हंगामात तो रोज पहाटे आपल्या ओकच्या झाडाखाली जाऊन बसला आणि रोज हात हलवत परत आला. कधी म्हणायचा पुमा आला असेल, कधी म्हणायचा ओटच नीट आला नाही. त्या नाताळात त्याने नुसत्या डुकराच्या मांसाचं कडं करून हिल्मरला नेऊन दिलं, आणि वर माफी मागितली. "हरीण नाही रे यात. या वर्षी जमलं नाही."

हिल्मरने चकती खाल्ली, ठरलेलं वाक्य म्हटलं, आणि बेनो गेल्यावर माझ्याकडे आला. माझ्या स्वयंपाकघरात उभा राहिला आणि सगळं ओकला. मी असं झापलं त्याला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"ढीग काढ," मी म्हटलं, "आणि त्याला सांग."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो गं."

सांगितलं नाही. वर्ष गेलं. शरदात बेनोच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या हंगामात त्याला दुर्बिणीतूनही काही दिसणार नाही. म्हणजे हा शेवटचा. बेनो माझ्याकडे सुऱ्या धारेला लावायला आला होता, तेव्हा म्हणाला, "लोरीन, माझं दुसरं काही मागणं नाही. माझ्या रानातलं एक हरीण, आईच्या पद्धतीचं सॉसेज, आणि मग बंदूक तेल लावून ठेवून देतो." मी हिल्मरला शब्दन् शब्द जाऊन सांगितलं. तो रचून ठेवलेल्या खांबांकडे बघत बसला.

आणि काय केलं या शहाण्याने? हेलकडे जाऊन बेनोसाठी कुंपणाच्या आत एक मादी मागितली. हेल माणूस वाईट नाही, लगेच म्हणाला, "आण म्हाताऱ्याला. पैसे नकोत." हिल्मर मला हे सांगायला आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता.

"खरं सांगायला जीभ उचलत नाही," मी म्हटलं, "आणि चोरीच्या ताटातलं जेवायला बोलावतोयस?"

"त्याला हरीण मिळेल ना," तो म्हणाला. "शेवटचं."

बेनो गेला. हिल्मरने इतक्या आग्रहाने कधी काही म्हटलं नव्हतं, म्हणून गेला. पुढचं मला नंतर हिल्मरने सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी.

दुपार उतरत होती. मचाण म्हणजे लहानशी खोलीच होती. गालिचा, गाद्यांच्या फिरत्या खुर्च्या, हीटर. बेनोने सगळीकडे हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "इथे शिकारीला येतात की झोपायला?"

"गप बस. येतील आता."

"तुला कसं ठाऊक?"

समोर तीन पायांवर मक्याचं पिंप होतं. ठरलेल्या वेळी त्यातली चकती घरघरली आणि मका चारी बाजूंना उडाला. झुडपांतून हरणं धावत आली. कोंबड्या येतात तशी, एकमेकींना ढकलत. मान वर करून कुणी वारासुद्धा हुंगला नाही. बेनोने बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"हिल्मर, ती डावीकडची बघ. फाटकी आहे ती."

फाटकी ही बेनोच्या रानातली मादी. पाडस असताना त्याच्या काटेरी तारेत अडकली होती. त्याने सोडवली, पण कान टोकापासून मुळापर्यंत चिरला गेला. त्यानंतर दर हिवाळ्यात ती त्याच्या ओटात यायची, आणि तो तिला सोडून दुसरं हरीण मारायचा.

"दुसरी असेल," हिल्मर म्हणाला.

"अरे, तो कान माझ्या हातात फाटलाय. मला नको सांगू." मग तो हळूच म्हणाला, "गेल्या साली गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ओट उशिरा पेरला. तेव्हाच आली असणार ही इकडे. उपाशी ठेवलं मी त्यांना. माझंच चुकलं."

इथे बोलायचं होतं त्याने. माणूस तुमच्या चुकीचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतोय, तुम्ही हाताच्या अंतरावर बसलाय, आणि तुम्ही काय बोलता?

"मार ना," हिल्मर म्हणाला. "तुझीच आहे."

बेनोने बंदूक खाली घेतली. "माझी होती तेव्हा मारली नाही, आता मारू? आणि ही काय शिकार झाली रे? माझी गोळी चुकली, तर जीव वाचला म्हणून तिने पळून जायला पाहिजे. माझ्या रानात ती वाचली की वाचली. इथे पळून जाणार कुठे? मी चुकलो तर उद्या दुसरा बसणार, याच खुर्चीवर, आणि ही याच वेळेला मका खायला येणार." त्याने गोळ्या काढून खिशात टाकल्या. "चल. मला कॉफी पाज."

फाटकी मका खातच होती. दोघं मचाणावरून उतरून पिकअपमध्ये बसले, तरी तिने मान वर केली नाही.

मोठ्या फाटकाचा रस्ता सरळ होता. हिल्मरने गाडी पाठीमागच्या कोपऱ्याकडे वळवली. का, ते त्याला आजही सांगता येत नाही. मला वाटतं, जिभेला जमत नव्हतं ते त्याने चाकांकडून करून घेतलं. कुंपणाच्या कडेकडेने जाताना बेनो म्हणत होता, "तू घातलंयस म्हणजे भोक नसणार. मग आली कुठून?" आणि कोपरा आला. जाळीपलीकडे दगडांचा तो सुबक जिना. अलीकडे जमीन उकरलेली, उड्या मारून उतरलेल्या खुरांनी.

बेनो उतरला. त्याला लांबचं दिसत नव्हतं, पण माग त्याला अंधारात बोटांनीसुद्धा वाचता येतो. तो वाकला, जमीन चाचपली, जाळीतून बोट घालून दगडावरचा चिखल खरवडला.

"कधीपासून?"

"पहिल्या हिवाळ्यापासून."

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

बेनो जाळीला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "त्याची बाजू स्वच्छ राहावी म्हणून तू माझ्याकडे दगड टाकायला आलास. मी हो म्हटलं. तू होतास म्हणून हो म्हटलं." घरी पोचल्यावर तो सरळ आत गेला. कॉफीही प्यायली नाही.

दुसऱ्या दिवशी हिल्मर हेलकडे गेला आणि तेच दगड आतल्या बाजूने रचू का, असं विचारलं, म्हणजे गेलेली हरणं परत येतील. हेलला ते खरंच विनोदी वाटलं. "माझ्या हरणांना बाहेर जायला जिना बांधून देऊ? आणि तू बांधणार? बरा आहेस ना?" हिल्मरने देखभालीचं काम सोडलं आणि ढीग मोडायला घेतला. यंत्र लावलं नाही, हातांनी. एकेक दगड उचलून ओढ्यात नेऊन टाकत होता, कसाही, विस्कटून. बेनोच्या रानात हिल्मर काम करत असला की बेनो थर्मासमधून कॉफी पाठवायचा, नेहमीचंच होतं ते. या वेळी कॉफी आली नाही. मी जेवण घेऊन गेले, तर हिल्मर हात रक्ताळलेले घेऊन त्याच्या घराच्या दिशेने बघत बसला होता.

"तो यायचा नाही," मी म्हटलं.

"मला ठाऊक आहे. तू डबा ठेव आणि जा."

हंगामाच्या अखेरीला हेलकडचा एक पाहुणा माझ्याकडे दोन हरणं घेऊन आला. एक मोठा नर होता, त्याची शिंगं त्याला हवी होती. दुसरी मादी, हरणं फार झाली म्हणून मारायला दिलेली. "हिचं मांस नको मला," तो म्हणाला, "कुणा गरजूला देऊन टाका." चांगल्या मनाने म्हणाला बिचारा. तो गेल्यावर मी तिला टेबलावर वळवलं आणि कान पाहिला. हातातली सुरी खाली ठेवली आणि बेनोला फोन केला.

तो कुणाच्या तरी गाडीतून आला. टोपी काढली आणि चिरलेल्या कानात अंगठा फिरवला. मला वाटलं, पुरायला घेऊन जातो की काय.

"सॉसेज कर," तो म्हणाला. "आईच्या पद्धतीने. मिरी जास्त."

"डुकराचं मांस किती घालू?"

"घालू नकोस. हिचीच चरबी पुरेल." खरंच होतं. रानातल्या हरणाच्या अंगावर बोटभर चरबी नसते. हिच्या पाठीवर पांढरा थर होता.

धुरावरून कडी उतरवली तेव्हा बेनो म्हणाला, "पहिलं हिल्मरला."

"बेनो, नको रे. आधीच मेल्याहून मेलाय तो. त्याला आणखी काय शिक्षा द्यायचीय?"

"शिक्षा कसली? पहिलं कडं शेजाऱ्याला जातं." त्याचा आवाज अगदी साधा होता. त्याला आता गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मीच घेऊन गेले.

हिल्मरने दार उघडलं. बेनोला पाहून त्याचा चेहरा असा झाला की मला बघवेना. बेनो टेबलापर्यंत चाचपत गेला आणि कडं ठेवलं.

"फाटकी आहे," तो म्हणाला.

हिल्मरने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. तो हलला नाही, तेव्हा बेनोने आपला खिशातला चाकू काढून मूठ त्याच्याकडे करून पुढे धरली. रीत म्हणजे रीत. हिल्मरने कापलं. त्याच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा चकती वाकडी पडली. तोंडात टाकली. आम्ही तिघंही उभेच. तो चावत राहिला, आणि बेनो, न दिसणारे डोळे त्याच्यावर रोखून, वाट बघत राहिला.

"गेल्या वर्षीपेक्षा," हिल्मर म्हणाला, आणि थांबला. गिळलं. "गेल्या वर्षीपेक्षा बरं झालंय."

"असणारच," बेनो म्हणाला. "मका खाल्लेली आहे."

त्याने टोपी काढली नाही. माझा दंड धरला आणि म्हणाला, "लोरीन, घरी सोड मला."